बाबा, इथल्या रानातली शिकार

हॅमिल्टन, २८ एप्रिल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मी शिकारीला गेले होते हे कळल्यापासून बाबांनी तो विषयच टाकलाय, असं आई म्हणाली. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

बाबा, तुमची सगळी नोकरी चांदोलीच्या रानात गेली. रात्री-अपरात्री गस्त, पायवाटेवरची फासकी काढणं, मारलेल्या सांबराचे पंचनामे, आणि त्यापायी गावातल्याच लोकांशी आलेलं वैर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं नाव मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. तुमच्या घरातल्या मुलीने हातात रायफल धरावी हे तुम्हाला लागलं असणार. लागणारच. पण इथलं रान निराळं आहे, आणि ते कसं निराळं आहे हे तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावं असं मला वाटतं.

न्यूझीलंडमध्ये माणूस येण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. पक्ष्यांचाच देश. हरणं आणली ती इंग्रजांनी, शिकारीच्या हौसेपायी, जहाजात घालून. आम्ही गेलो त्या कायमानावाच्या डोंगरात सिका हरणं आहेत. मूळची जपान आणि पूर्व आशियातली. इंग्लंडातल्या एका ड्यूकने भेट दिली आणि १९०५ मध्ये ती इथे सोडली. तुमचं सांबरसुद्धा इथे आहे बाबा! १८७५ च्या सुमाराला श्रीलंकेहून आणलं, आणि उत्तर बेटावर काही ठिकाणी ते अजून टिकून आहे. पण या हरणांना खाणारं इथे काहीच नाही. वाघ नाही, बिबट्या नाही, कोळसुंदा नाही.

त्याचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. डोंगरउतारावर बीचची मोठी झाडं आहेत, काळपट खोडांची, शेवाळाने मढलेली. वर पाहिलं तर रान भरगच्च. खाली पाहिलं तर झाडाचं पोर नाही. जिथे जुनं झाड पडून उजेड आलाय, तिथे खरं तर रोपांची दाटी व्हायला हवी. तिथे फक्त होरोपिटो नावाचं झुडूप माजलंय, कारण त्याला हरणं तोंड लावत नाहीत. मी एक पान चावून पाहिलं, मिऱ्यासारखं तिखट, जीभ बधिर झाली. अभ्यासासाठी कुणीतरी रानाचा एक तुकडा उंच जाळीने बंद केलाय. जाळीच्या आत गुडघ्याएवढी, कमरेएवढी बीचची रोपं, आणि जाळीबाहेर एकही नाही. त्या जाळीला धरून मी बराच वेळ उभी होते आणि तुमचीच आठवण येत होती. तुम्ही असता तर आत किती जातींची रोपं आहेत ते मोजत बसला असता.

माझ्याबरोबर कामावरची मैत्रीण होती. तिचे आजोबा सरकारी पगारावर हरणं मारायचे. १९३० मध्ये सरकारने हरणांचं संरक्षण काढून घेतलं आणि पुढे माणसं नेमून ती मारायला लावली. तिच्या घरी हे काम तुमच्या नोकरीसारखंच मानाने सांगतात.

आई, आता तुझ्या काळजीचं. बंदुकीचा परवाना आहे. परीक्षा झाली, घरी येऊन मुलाखत घेतली, बंदूक कुठल्या कपाटात कुलपात ठेवते ते तपासलं, माझी ओळख असणाऱ्यांना प्रश्न विचारले. डोंगरात रस्ता नाही, म्हणून टाऊपोहून हेलिकॉप्टरने गेलो. रायफलचा बोल्ट काढून वेगळा, काडतुसं वेगळी, सामानाचं वजन करून. नदीकाठच्या मोकळ्या गवतात पायलटने आम्हाला उतरवलं आणि तो परत गेला. राहायला लाकडी झोपडी, आत बाकडी आणि चुलाण. अंगावर भडक नारिंगी जाकीट, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून कळतो. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही. मदत मागवायचं यंत्र मैत्रिणीच्या कमरेला होतं. परतायच्या दिवशी ढग खाली उतरले आणि हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, म्हणून फोन लांबला. सरपण भरपूर होतं, पोटाला होतं, आणि तू दिलेला कांदा-लसूण मसाला होता.

आता शिकारीचं, जे बाबांना ऐकायचं नसेल तरी सांगते.

रान इतकं दाट की बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. चालणं असं नाहीच. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, वारा तोंडावर आहे ना ते पाहायचं, मग पुढचं. एप्रिलमध्ये नर माजावर असतात. त्यांची शिट्टीसारखी, शेवटी घोगरी होत जाणारी हाक दरीतून घुमते आणि अंगावर काटा येतो. मैत्रिणीने पहिल्यापासून सांगितलं होतं, शिंगवाल्या नराच्या मागे लागायचं नाही, मादी शोधायची. एक नर गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. कळप कमी होतो तो मादी कमी झाली की.

बाबा, मी मादी मारली. पिल्लू बरोबर नसलेली, दीडेक वर्षाची. तुम्ही आयुष्यभर जे पाप मानलं नेमकं तेच, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं. एवढं समजूनही हात जड झाला होता. ती वीसेक मीटरवर नेच्यात उभी होती, मागच्या पायावरचा पांढरा ठिपका दिसत होता. मागे काय आहे, ते हरिणच आहे ना, हे दोनदा पाहिलं आणि मग बार काढला. ती जागेवरच बसली. जवळ गेले तेव्हा अंग गरम होतं. मी रडले. मैत्रीण काही बोलली नाही, तिने मला वेळ दिला आणि मग सुरी काढून कसं सोलायचं ते दाखवलं.

पोट उघडल्यावर मी आत काय आहे ते पाहिलं, तुम्ही पंचनाम्याला पाहायचात तसं. गवत, पानांचा चोथा, आणि त्यात बीचची कोवळी पानं ओळखू येत होती.

काही वाया घालवलं नाही. काळीज त्याच रात्री कांद्यावर परतलं. बाकीचं पाठीवर घालून झोपडीवर आणलं, परत आल्यावर पहिला वाटा मैत्रिणीच्या आत्याला दिला, तशी त्यांच्या घरची रीत आहे. उरलेलं फ्रीजरमध्ये आहे. आई, तू मटणाला लावतेस ते वाटण याला चालेल का? चरबी अजिबात नाही, लवकर वातड होतं.

बाबा, तुम्ही हे बरोबर म्हणावं असा माझा हट्ट नाही. तुम्हाला जे वाटतं ते लिहा, रागाचं असलं तरी लिहा. आणि एक गोष्ट मला खरंच हवी आहे. सिकाला आपला वास लागला की ते एकच तीक्ष्ण शिट्टी मारून पसार होतं, पण कधी कधी तिथेच उभं राहून शिट्ट्या मारत राहतं. चांदोलीत भेकर भुंकलं की ते बिबट्याला भुंकतंय की माणसाला, हे तुम्ही घरी बसून ओळखायचात. ते कशावरून ओळखायचात, आवाजावरून की किती वेळ भुंकतं त्यावरून? सविस्तर लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे.

आई, गुडघ्याचा एक्सरे काढलास का, ते दादाला कळवायला सांग.

तुमची लेक