रिकामी बाटली फोडा, मग फोटो टाका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत शहरातल्या व्हिस्की शौकिनांवर पानभर मजकूर आला होता, काचेचं कपाट, आतमधे लाईट, ओळीनं बाटल्या आणि मालक बाजूला हात बांधून उभा. दोनदा वाचला. मग वाटलं का बापा आपण पण चार ओळी लिहाव्या, कारण हा शौक काही पुण्या-मुंबईच्याच लोकायचा नाही, आमच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात पण आम्ही चारजण आहो. एक कृषी केंद्रवाला, एक जिनिंगमधला हिशोबनीस, एक रिटायर मास्तर आणि मी, वावरवाला.

मोबाईलवर आमचा ग्रुप आहे आणि कोणी नवीन बाटली आणली का झाकण उघडायच्या आधी फोटो. कापसाच्या गंजीवर ठेवून फोटो, बैलबंडीच्या जुवावर ठेवून फोटो, मास्तरनं तर एकदा तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर ठेवून टाकला होता, तो वहिनीच्या हाती लागला आणि मास्तर दोन दिवस ग्रुपवर दिसलेच नाही. हसू नका साहेब. चौघांत मिळून वर्षाला तीन नाहीतर चार बाटल्या होतात, कापसाचा चुकारा आला का वर्गणी निघते, उलंगवाडी झाली, म्हणजे कापूस वेचून संपला, का बंद. पिण्याचे परवाने चौघायकडेही आहेत, हजार रुपये भरून आजन्म काढलेले, पण गावात हे सांगून उपयोग नाही. गावात दारू हा एकच शब्द आहे. नाल्याच्या काठावरची हातभट्टी पण दारू, ८० रुपयाची देशी पण दारू आणि आम्ही तीन महिने पुरवून पुरवून घेतो ते पण दारूच.

माझी सासुरवाडी देवळीकडची. म्हणजे वर्धा नदीच्या पल्याड, गांधीजींचा जिल्हा, सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. साळा पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इकडे येते, आता कर म्हटली का आमच्या भागात खाणं-पिणं आलंच, तुम्हाले ठाऊकच आहे. त्याले म्या मोठ्या हौसेनं अमृत फ्यूजन थोडीशी ओतून देल्ली, म्हटलं हे बंगळुरूचं आहे, आपल्या देशातलं जव आणि स्कॉटलंडचं धूर देल्लेलं जव असं दोन्ही मिळून बनवतात, २०१० साली जिम मरे नावाच्या इंग्रज जाणकारानं जगात तिसऱ्या नंबरवर ठेवली होती. मी बोलूनच राहिलो होतो, तेवढ्यात त्यानं एका घोटात रिकामा करून ग्लास खाली ठेवला आन म्हणे, "भाटजी, लागत तर काहीच नाही." ५० टक्क्याची होती ती. पाच मिनिटांनी लागली.

पण शौक लागण्याचा नाहीच, वासाचा आहे, हेच समजवता येत नाही. पहिल्यांदा आयलाच्या बेटावरची व्हिस्की आणली होती आम्ही, स्कॉटलंडच्या पश्चिमेला हे बेट आहे. झाकण काढलं तर कृषी केंद्रवाला म्हणे हे तर दवाखान्यातल्या औषधासारखं येऊन राहिलं, वापस करा. मी वास घेतला तर मले वेगळंच आठवलं, डिसेंबरात सकाळी दवानं भिजलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, चुलीत घातल्या का जो धूर निघते नं, डोळे चोळत बसा, अगदी तो. नंतर वाचून समजलं, तिकडं दलदलीत गवत-शेवाळ कुजून झालेली जुनी माती विटांसारखी कापून वाळवतात, तिला पीट म्हणतात, जवाला आपण मटकीला आणतो तसे मोड आणायचे आणि या मातीच्या जाळावर ते वाळवायचे, तो धूर जवात बसते तो शेवटपर्यंत निघत नाही. मग लाकडाच्या पिंपात कमीत कमी तीन वर्ष ठेवल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही, कायदाच आहे त्यायचा. बाटलीवर बारा लिहिलं असलं का आतली सगळ्यात कमी वयाची व्हिस्की बारा वर्षांची, बाकीची जास्त वयाची असली तरी आकडा लहानाचाच लिहावा लागते. आणि आपल्याकडची स्वस्त व्हिस्की बहुतेक उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बनते, तिला युरोपात व्हिस्की म्हणून विकूच देत नाहीत. म्हणून आपल्या बंगळुरू-गोव्याच्या लोकायनं जव घेऊन खरी सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली नुसत्या मोड आलेल्या जवाची व्हिस्की, बनवली त्याचं आम्हाले लय कौतुक आहे. अमृतची पहिली बाटली २००४ मधे विकायला ठेवली ते कुठं, तर स्कॉटलंडातल्या ग्लासगोला, म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का विकण्यासारखं आहे नं हे.

आता तुमच्या लेखातलं काचेचं कपाट. शहरात एसी आहे, तिथं शोभते. आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते आणि घरावर टिन. पहिल्या वर्षी हिशोबनीसानं बाटली माळ्यावर ठेवली, घरच्यायच्या नजरेआड म्हणून, आणि आडवी ठेवली कारण कुठंतरी वाचलं होतं का बाटल्या आडव्या ठेवाव्या. ते वाइनचं होतं. व्हिस्कीची बाटली उभीच ठेवा लागते, नाहीतर तिच्यातला अल्कोहोल बूच खाऊन टाकते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला, बाटली खाली काढली तर आतली पातळी चांगली दोन बोटं उतरलेली आणि बूच फिरवलं तर अर्धं हातात, अर्धं आत. चहाच्या गाळणीनं गाळून घेतली. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जाते त्याला ते देवदूताचा वाटा म्हणतात, बंगळुरूला तो दहा-बारा टक्क्यावर जाते, आमच्या टिनाखाली पिंप ठेवलं तर देवदूत पिंपासकट घेऊन जाईन. तेव्हापासून आमच्या बाटल्या ज्वारीच्या कोठीत उभ्या असतात, खोक्यात, अंधारात, घरातली सगळ्यात थंड जागा तीच. कपाट गेलं खड्ड्यात.

हे सगळं झालं कौतुकाचं. पण पत्र लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही.

२०२५ च्या जूनमधे राज्य सरकारनं भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं, साधी क्वार्टर कमीत कमी २०५ ला जाऊन बसली, आणि वरच्या मालाचे भाव पाहून तर आम्ही ग्रुपवर फोटो सोडून नुसते आकडे टाकत होतो. मग जुलैमधे इंग्लंडसोबत करार झाला, स्कॉचवरची १५० टक्के कस्टम ड्यूटी पहिले ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर येणार म्हणे. कृषी केंद्रवाल्यानं त्या दिवशी पेढे वाटले. मास्तर म्हणे, मी आत्ताच सदुसष्टचा आहो, चाळीस टक्क्यापर्यंत राहीन का तेवढं सांग. अशा टायमाला माणसाला स्वस्तातलं काही दिसलं का अक्कल गहाण पडते, तशी आमची पडली.

तालुक्याच्या गावी एकजण 'ड्यूटी फ्रीचा माल' देते असं कळलं, भाचा विमानतळावर आहे वगैरे वगैरे. बारा वर्षांची नामी स्कॉच, दुकानाच्या निम्म्या भावात, ३,२०० ला, म्हणजे डोक्यावर ८०० रुपये. आणली. अस्सल डबा, गोल उंच, जाड पुठ्ठ्याचा, बाटलीवर लेबल कसं, नखानं पण उचलत नाही. जुवावर ठेवून फोटो काढला आणि आमच्या चौघांत तर टाकलाच, अमरावती-अकोला-नागपूरवाल्यायचा एक मोठा ग्रुप आहे तिकडं पण टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या. फक्त अकोल्याच्या एकानं लिहिलं, "दादा, झाकणाचा जवळून फोटो टाका."

मले राग आला खरं सांगतो. जळते म्हटलं. पण रात्री झाकण फिरवलं तर जी कडकड व्हायला पाहिजे सील तुटतानी, ती झालीच नाही, नळाच्या तोटीसारखं गुळगुळीत फिरलं. बाटलीच्या तोंडात पुन्हा भरता येऊ नये म्हणून प्लास्टिकचं बूच असते गोटीवालं, त्याच्या कडेला बारीक ओरखडे होते, चाकूनं काढून परत बसवल्यासारखे. आणि वास, इंजेक्शनच्या आधी नर्सबाई कापूस फिरवते दंडावर, तो वास, त्याच्या खाली गुळाचं पाणी. कोणी जिभेला लावलं नाही हे नशीब. मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असलं तर ते वासावरून ओळखू येत नाही आणि आधी डोळे घेऊन जाते, हे मास्तर शिकवायचे पोट्ट्यायले.

खरी गोष्ट पुढंच आहे. मास्तरले सवय आहे, नवीन बाटली उघडली का डब्याच्या बुडावर पेननं तारीख घालायची. मी डबा उचकून पाहत होतो, बुडाशी निळ्या शाईत अक्षर दिसलं. "पोळा, कर." मास्तरचं अक्षर. आमचाच डबा होता साहेब. मागल्या पोळ्याले उघडलेली बाटली संपल्यावर मास्तरनं डब्यासकट भंगारवाल्याला देल्ली होती, बाकी बाटल्यायचे त्यानं किलोवर पैसे देल्ले आणि या एकीचे वेगळे ६० रुपये, तेव्हा मास्तर खूश होऊन ग्रुपवर सांगत होते, पहा रे, आपली रिकामी बाटली पण मान खाते म्हणून. ती ६० ला गेली आणि ३,२०० ला आमच्याच दारी वापस आली. बाटली खरी, लेबल खरं, डबा खरा, आत काय ते भरणाऱ्याला माहीत.

बाटली उकिरड्यावर ओतली. ज्यानं विकली तो म्हणे मी तर पुढून आणली मले काय मालूम. तक्रार करायची म्हटलं तर कोणत्या तोंडानं करावी, पावती नाही, ड्यूटी भरलेली नाही, तसा माल घेणं हाच आमचा पहिला गुन्हा. तेवढं कबूल आहे.

तर आमची विनंती अशी का पुढच्या वेळी तुम्ही असा लेख छापान आणि त्या कपाटवाल्या साहेबांचा फोटो घ्यान, तर त्यायले एक प्रश्न जरूर विचारा, तुमची संपलेली बाटली कुठं जाते. कारण शौकीन माणूस बाटली येतानी शंभर फोटो काढते आणि जातानी कोणी पाहत नाही. नकली माल बनवणाऱ्याले आतलं पाणी बनवणं सोपं आहे, अवघड आहे ती बाटली, तो डबा, ते लेबल, आणि ते त्याले आपणच पुरवून राहिलो, वरून पैसे घेऊन. बारवाल्यायनं तर रोजच्या रोज फोडाव्या, पण घरच्या शौकिनानं पण फोडाव्या. काही जण म्हणतात सुंदर असते, दिवा बनवू, मनीप्लांट लावू. लावा, पण लेबल आधी गरम पाण्यात बुडवून खरवडून काढा आणि झाकण चेचून टाका. फवारणीचं औषध मात्र बापा कधी अशा बाटलीत काढून ठेवू नका, कृषी केंद्रवाल्यानं हे मुद्दाम लिहायला सांगितलं, अंधारात हात कशावर जाईन सांगता येत नाही.

फोडायची रीत पण सांगून ठेवतो नाहीतर कोणी रस्त्यावर फोडान आणि बैलाच्या खुरात काच जाईन. खताचं रिकामं पोतं घ्या, बाटली आत, तोंड सुतळीनं बांधा, दगडावर ठेवून वरून हातोडा, दोन घाव पुरतात. मग तसंच बांधलेलं पोतं भंगारात द्या, काचेच्या भावानं जे येते ते घ्या. आमच्या ग्रुपवर आता नियम आहे, नव्या बाटलीचा फोटो टाकायचा असला तर आधी जुनीच्या काचेचा टाकायचा. अकोल्याच्या त्या भाऊची मी माफी मागितली, त्यानं पण परवा पोत्याचा फोटो टाकला, त्याच्या इकडं हातोड्याऐवजी मुसळ वापरतात म्हणे.

आणि तो डबा आम्ही जाळणार होतो, पण मास्तर म्हणे राहू द्या, आपल्या अकलेची आठवण. तो त्यायच्या घरी आहे, लेबल काढून वर लाल कागद लावलेला, वहिनी त्यात देवाजवळच्या अगरबत्त्या ठेवते, उंचीला बरोबर बसतात. कशाचा डबा आहे ते तिला अजून कोणी सांगितलं नाही. हे शेवटचं तेवढं छापू नका साहेब, मास्तरच्या घरी तुमचाच पेपर येते.

आपला नेहमीचा वाचक,
एक वावरवाला
तालुका धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती