संज्यास पत्र : जेटचा नंबर मागू नकोस

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

तुझा मेसेज मिळाला. “चेंबर बसवला, जाळीचा फिल्टर बसवला, आता मेन जेट कितीचा टाकू?” माझ्या यामाहा आरएक्स 100 मध्ये पेट्रोल सोडणारा तो भोकाचा जेट कितीचा आहे ते मी सांगणार नाही, रागाव हवं तर. सांगितला की तू उद्याच तोच टाकशील, आणि तू बसलायस महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर. तिथली हवा ठाण्यापेक्षा बारा-एक टक्क्यांनी विरळ. इथे खाडीकाठी माझी गाडी ज्या जेटवर सरळ ओढते, तोच जेट तुझ्याकडे रिच होईल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. धूर, काळा स्पार्क प्लग, वरच्या रेसला गुरगुर. ते एक वेळ परवडलं. उलटं झालं तर खरी पंचाईत. वर तुझा जेट छान जमला, तू तसाच आंबेनळी घाट उतरलास आणि पोलादपूरला हायवेला लागून अ‍ॅक्सिलेटर पिळलास, की खालच्या दाट हवेला तेच पेट्रोल कमी पडणार. महाड यायच्या आत पिस्टन धरेल, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकेल.

चेंबरने, म्हणजे सायलेन्सरच्या जागी बसवलेल्या त्या फुगीर नळीने, काय होतं ते आधी बघ. सिलिंडरबाहेर निसटू पाहणारं ताजं मिक्श्चर तो दाबाच्या लाटेने परत आत ढकलतो, पण ठरावीक रेसच्या वरच. म्हणून खालची ओढ जाते आणि वर गाडी एकदम उसळते. त्या रेसला हवाही जास्त आणि उष्णताही जास्त. त्यात मोकळ्या फिल्टरमुळे कार्बोरेटरमधला खेच कमी होतो, म्हणजे जेटमधून पेट्रोल कमी येतं. दोन्हींचा परिणाम एकच, गाडी लीन, म्हणजे हवेला पेट्रोल कमी. फोर-स्ट्रोक लीन झाली तर तापते, फटफटते. आपल्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला थंडावा देणारं पेट्रोलच, आणि तेलही त्याच वाटेने जातं. आणि लबाडी अशी, की सीझ व्हायच्या, म्हणजे पिस्टन धरायच्या आधी गाडी सगळ्यात सुसाट पळते. आवाज बारीक, स्वच्छ, वाटतं काय मस्त ट्यून झालीय!

जेटला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघ. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर वाकवून, उजेडात धरून तपास. गाडी तीस वर्षांच्या पुढची आहे, तिथे बारीक चिरा असतातच. चालू इंजिनवर, थंड असताना, तिथे कार्ब क्लीनरचा एक फवारा मार. रेस बदलली तर रबरातून बाहेरची हवा खातेय. अशा गाडीला जेट लावत बसणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. दुसरं म्हणजे ऑइल पंपाची केबल. अ‍ॅक्सिलेटरची केबल खाली दुभागते, एक कार्बोरेटरला, एक पंपाला. कार्बोरेटर काढून बसवला की पंपाच्या पुलीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचंच. मेकॅनिक हे हमखास विसरतात.

आता मूळ काम. अ‍ॅक्सिलेटरची मूठ बंद अवस्थेपासून पाव उघडेपर्यंत पेट्रोल ठरवतात पायलट जेट (कमी रेसचा छोटा जेट) आणि एअर स्क्रू (हवा कमी-जास्त करणारा), पाव ते पाऊण नीडल (पेट्रोलच्या वाटेत वर-खाली होणारी सुई) आणि तिची उंची ठरवणारी क्लिप, त्यापुढे मेन जेट. मुठीवर आणि स्विचच्या डबीवर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. गाडी “मध्येच अडखळते” म्हणतोस, पण कुठल्या खुणेवर? तेच तर उत्तर आहे.

मी मेन जेटपासून सुरू करतो, काही जण खालून वर येतात. सुरुवातीला मुद्दाम मोठा टाक, फुल मुठीला गाडी जास्त पेट्रोलने गुरगुरत अडखळली पाहिजे. मग एकेक नंबर खाली ये. ओढ स्वच्छ झाली की प्लग बघ. नवा प्लग लाव, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर फुल मूठ धर, आणि मूठ न सोडता किल्ली बंद, त्याच क्षणी क्लच. मी गायमुखच्या चढावर पहाटे जातो, ट्रकांची रांग लागायच्या आत. चढावर वेग फार होत नाही आणि इंजिनवर भार पूर्ण येतो. प्लगचं टोक बघून फसू नकोस. टॉर्च मारून चिनी मातीचा भाग लोखंडात शिरतो तिथे, अगदी तळाशी बघ. तिथे फिक्या चॉकलेटी रंगाचं कडं हवं. पांढरंफटक असेल तर पुढे एक किलोमीटरही पिळू नकोस.

नीडलची क्लिप एक खाच खाली घातली की नीडल वर येते, पेट्रोल वाढतं. एअर स्क्रू आपल्या कार्बोरेटरवर हवेच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर फिरवला की लीन. रेस सोडल्यावर इंजिन वरच रेंगाळलं तर स्क्रू थोडा आत घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, वहीत लिही. जेट एकाच कंपनीचे घे. बाजारात नंबर एक आणि भोक भलतंच असले जेट मिळतात. आणि सुई घालून भोक मोठं करणाऱ्या तुझ्या त्या मेकॅनिकला लांब ठेव.

पेट्रोलचंही ऐक. ही गाडी 1985 ते 1996 मधली, तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. साध्या पेट्रोलला एका भागामागे 14.7 भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे काहीही न बसवताही तुझी गाडी आधीच थोडी लीन झालेली. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. तुमच्याकडच्या पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी असते, तेव्हा टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेव.

जुना सायलेन्सर भंगारात घालू नकोस. चेंबरवर ठाण्यात पोलिसांनी अडवलं तर त्यांचं काही चुकलं म्हणता येणार नाही. खरं सांगू, सोसायटीत रात्री मलाच लाज वाटते.

लग्नाला गाडीवरच येणार असशील तर निघण्याआधी मेन जेट दोन नंबर वरचा टाक, वर थोडी गुरगुरेल, गुरगुरू दे. घाटात मूठ बंद ठेवून गिअरवर उतरू नकोस, मध्ये मध्ये थोडी रेस दे म्हणजे तेल पोचेल. दोन बोटं क्लचवर असू दे, पिस्टन धरलाच तर लगेच दाबता येईल. काढलेले जेट आणि स्क्रूड्रायव्हर खिशात. पनवेलला पोचलास की फोन कर, मी कळंबोलीच्या सर्कलला येतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पम्या