इंजिनचा आकडा वाचायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव-धुळ्याकडच्या बुद्धिबळ शिबिरांत आता डाव संपला रे संपला की मुले मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावतात. +१.२ (म्हणजे पांढरा सुमारे सव्वा प्याद्याने पुढे) दिसले की चाल बरोबर, उणे आले की चूक. इंजिन वापरू नका असे मुळीच म्हणणे नाही, पण तो आकडा निघतो कसा हे शिबिरातच शिकवायला हवे.

प्रोग्रॅम ठरावीक चालींपर्यंत पुढचे मोजतो, थांबतो आणि तिथल्या पटाला गुण देतो. त्यानंतरचे त्याच्या हिशेबात नसते. कार्नेगी मेलन विद्यापीठातले संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये या दोषाला ‘क्षितिज परिणाम’ म्हटले. ते पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळातले माजी जगज्जेतेही होते.

पट मांडून पाहा (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). काळा राजा सी८ वर, प्यादी ए७, बी७, सी७ वर. पांढरा उंट ई३ वरून ए७ चे प्यादे मारतो. काळा बी७ चे प्यादे बी६ वर सरकवतो, उंट कोंडला. पांढरा दुसरीकडे काही खेळतो, काळा राजा बी७ वर येतो. दोन्हीकडच्या मिळून चार चाली झाल्या. चारच मोजणारा प्रोग्रॅम सांगतो, पांढरा एका प्याद्याने पुढे! उंट मात्र वाचत नाही; फार तर बी६ चे प्यादे घेऊन मरतो. मारामारी संपेपर्यंत मोजणी लांबवणे हा जुना उपाय, पण चौथ्या चालीनंतर पाळी पांढऱ्याची असल्याने आणि त्याला काही मारायची सक्ती नसल्याने इथे तोही अपुरा पडतो. आणखी वाईट म्हणजे, नुकसान दिसू लागले की प्रोग्रॅम मध्येच शह देतो, प्यादी फुकट देतो. प्रत्येक शह आणि त्याचे उत्तर यांनी नुकसान दोन चाली पुढे ढकलले जाते आणि मोजणीबाहेर पडते. उंट जातोच, वर प्यादीही जातात.

आजचे स्टॉकफिश हे इंजिन एवढ्याने फसत नाही. पण जिथे कुणालाच आत शिरता येत नाही अशा बंद पटावर तेही कधी कधी मोठा आकडा दाखवते आणि डाव बरोबरीत सुटतो.

म्हणून मुलांनी आधी स्वतःची चाल कारणासह वहीत लिहावी. मग इंजिनला तीन पर्याय दाखवायला लावावेत आणि खोली (किती चाली पुढचे मोजले तो आकडा) २० च्या पुढे जाऊ द्यावी. फोन तापला की मोजणी मंदावते, त्यामुळे सेकंद मोजून उपयोग नाही. सुचवलेल्या चार-पाच चाली पटावर खेळून आकडा पुन्हा पाहावा. तो मोठा असून जागचा हलत नसेल तर पट असा बंद असल्याची शंका घ्यावी.

आपणही पुरवणीत बुद्धिबळाचे कोडे छापाल तेव्हा उत्तराच्या सगळ्या चाली द्याव्यात, ही विनंती.

— एक बुद्धिबळ प्रशिक्षक, अमळनेर