‘एकच नंबर’ म्हणण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की गावोगावच्या छायाचित्र स्पर्धांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. १८३९ साली याच तारखेला फ्रान्सच्या सरकारने लुई दागेर या संशोधकाची छायाचित्रण पद्धत सर्वांसाठी खुली केली, त्याची ही आठवण. स्पर्धांना माझा विरोध नाही. परंतु हौशी मंडळींनी एकमेकांच्या कामाविषयी बोलावे कसे, हा त्यांच्यामागचा प्रश्न सहसा कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही कोल्हापुरातील पंधरा-वीस जण गेली तीन वर्षे दरमहा एक खेळ खेळतो. एकाने स्वतः काढलेल्या फोटोची रॉ फाइल सर्वांना द्यायची, आठ दिवसांत प्रत्येकाने ती आपापल्या परीने एडिट करायची आणि रविवारी सकाळी एकत्र बसून सगळ्यांची कामे पाहायची. फाइल एकच असल्यामुळे ‘तुझा कॅमेरा महागाचा’ ही सबब उरत नाही. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने टिपलेला उजेड १२ किंवा १४ बिटांत साठवलेला असतो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला त्या २५६च असतात. त्यामुळे एकाच फाइलमधून वीस जण वीस वेगळी चित्रे काढू शकतात.

अडचण रविवारच्या बैठकीत येते. पहिले वर्षभर आमचे अभिप्राय ‘नाद खुळा, भावा!’, ‘एकच नंबर’ आणि फारच आवडले तर ‘जाळ अन् धूर संगटच’ यांपलीकडे जात नव्हते. हे शब्द मनापासूनचे असतात, त्यांची मला लाज वाटत नाही. पण आठ रात्री स्लायडर सरकवत बसलेल्या माणसाला त्यातून हाती काही लागत नाही. उलट टोकाला आमच्यातले दोन-तीन जाणकार होते, आणि मीही त्यांतलाच. ‘भडक केलंस’, ‘असं करायचं नसतं’, ‘फोटोची माती केलीस’ हे आमचे ठरलेले शेरे. एका बाजूला पाठ थोपटणे आणि दुसऱ्या बाजूला कान पिळणे, यांच्या मधले काही आम्हाला सुचतच नव्हते.

असे का व्हावे, यावर मी बराच विचार केला. या शहरात चूक दाखवण्याची परंपरा मोठी आहे, पण ती वरून खाली येणारी आहे. तालमीत वस्ताद पठ्ठ्याची पकड सोडवून पुन्हा घालायला लावतो आणि पठ्ठ्याला त्यात अपमान वाटत नाही. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम घडले. तिथेही शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, याविषयी शंका नव्हती. आमच्या मंडळींत मात्र वस्ताद कोणीच नाही. एक पोस्टातून निवृत्त झालेला, एक गुळाचा व्यापारी, दोघी शिक्षिका, काही कॉलेजची मुले. अशा बरोबरीच्या लोकांनी एकमेकांची चूक कोणत्या अधिकाराने दाखवायची, हे आम्हाला कोणी शिकवलेले नव्हते.

ते कळले एका फजितीतून, आणि ती फजिती माझीच होती. रंकाळा तलावातील संध्यामठाची, त्या दगडी वास्तूची, फाइल होती, भर दुपारची, सपाट उजेडाची. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने पाणी जवळजवळ काळे करून टाकले होते. मी सर्वांदेखत म्हणालो, ‘रंकाळ्यावर अशी संध्याकाळ मी साठ वर्षांत पाहिली नाही.’ लोक हसले. ती शांतपणे म्हणाली, ‘काका, मला संध्याकाळ करायचीच नव्हती. पाणी जड दिसायला हवं होतं.’ मी पुन्हा पडद्याकडे पाहिले. पाणी खरोखरच जड दिसत होते. मी संध्याकाळच्या परीक्षेत नापास केलेली मुलगी त्या परीक्षेला बसलीच नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही एकच नियम केला. प्रत्येकाने एडिटसोबत दोन ओळी लिहायच्या: मला काय दिसायला हवे होते, आणि कुठे जमले नाही असे मला वाटते. अभिप्राय देणाऱ्याने त्या दोन ओळींना धरूनच बोलायचे. त्याच संध्यामठाविषयी पुढच्या बैठकीत जे बोलणे झाले ते पूर्वी कधी झाले नव्हते. पाणी जड झाले हे खरे, पण दगडालाही तीच निळसर छटा आल्यामुळे पाणी आणि दगड यांचे वजन सारखे वाटते, असे एका शिक्षिकेने दाखवले. मठाच्या कडेने मास्क (चित्राचा ठरावीक भागच बदलण्यासाठी आखलेली हद्द) नीट न बसल्यामुळे उजळ रेघ उमटली आहे, हे गुळाच्या व्यापाऱ्याने दाखवले. मुलीने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि तिसरी सूचना, पाणी थोडे उजळ करण्याची, सरळ नाकारली. तो तिचा हक्क होता.

या नियमाची खरी परीक्षा त्रिपुरी पौर्णिमेच्या फाइलने घेतली. पंचगंगेच्या घाटावर पहाटे दिवे लागतात तेव्हा एकाच चौकटीत दोन प्रकारचे उजेड असतात. पणतीच्या ज्योतीचे रंगतापमान (आकडा लहान तितका उजेड तांबूस, मोठा तितका निळा) साधारण १,९०० केल्व्हिन असते, तर उगवतीपूर्वीच्या निळ्या आकाशाचे त्याच्या कितीतरी पट. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारे माप, ज्योतीला धरून लावला तर पणत्या ट्यूबलाइटसारख्या पांढऱ्या पडतात आणि आकाश शाईसारखे होते. आकाशाला धरून लावला तर सारा घाट शेंदरी होतो. दोन्हींपैकी ‘बरोबर’ असे काही नाही. एकाने लिहिले होते, ‘पहाटेची थंडी दिसावी.’ दुसऱ्याने लिहिले होते, ‘आईच्या हातातली पणती उबदार दिसावी.’ या दोघांना एकच शेरा मारणे अन्यायाचे झाले असते, आणि पहिल्या वर्षी आम्ही नेमके तेच केले असते. मात्र दोघांनीही एक चूक सारखीच केली होती. ज्योतीचा गाभा कॅमेऱ्यातच जळून पांढरा झालेला होता. तिथे फाइलमध्ये काही माहिती उरलेलीच नव्हती. तो गाभा हायलाइटचा स्लायडर खाली ओढून वाचवायला जावे तर ज्योत राखाडी होते. हेतू कोणताही असो, राखाडी ज्योत कोणालाच नको होती, म्हणून ही चूक निःसंकोच दाखवता आली.

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या फोटोचेही तसेच. गुलाल वाढवण्याचा मोह कोल्हापूरकराला आवरत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ‘भडक झालाय’ म्हणण्यापेक्षा ‘लाल रंग २५५च्या, म्हणजे शेवटच्या पायरीच्या, टोकाला जाऊन थांबलाय, म्हणून फेट्याच्या चुण्या गेल्या आणि गुलाल प्लॅस्टिकसारखा दिसतोय’ असे म्हटले, तर ऐकणारा रुसत नाही, हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या पायरीवर किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख, उघडतो.

एक व्यावहारिक गोष्टही नोंदवतो. अभिप्राय देण्यापूर्वी सर्वांनी एकाच पडद्यावर चित्र पाहिले पाहिजे. आमच्या एका मित्राने चहाच्या गाड्यावर उन्हात उभे राहून मोबाइलवर एक एडिट पाहिले आणि ‘फार काळोखे’ म्हणून कळवले. बिचाऱ्या एडिट करणाऱ्याने रात्रभर जागून ते उजळले आणि बिघडवले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लहान होऊन आणि दाबली जाऊन पोहोचते, त्यामुळे बारीक पोताविषयी तिच्यावरून बोलूच नये. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

आता स्पर्धांकडे येतो. गेल्या वर्षी एका दुकानदाराने उत्साहाने आम्हाला पहिल्या क्रमांकासाठी ट्रायपॉड देऊ केला. तीन महिने आम्ही क्रमांक काढले. त्या तीन महिन्यांत दोन ओळींची कबुली आटली. कारण ‘इथे मला जमले नाही’ असे लिहून स्वतःचा क्रमांक कोण घालवील? अभिप्रायही जपून येऊ लागले, कारण दुसऱ्याची चूक सुधारून देणे म्हणजे त्याला ट्रायपॉडच्या जवळ नेणे. चौथ्या महिन्यात आम्ही आभार मानून बक्षीस बंद केले. ज्याला मिळाला होता त्याने तो ट्रायपॉड सर्वांच्या वापरासाठी ठेवला, हे त्याच्या मोठेपणाचे.

म्हणून छायाचित्रण दिनानिमित्त उपक्रम घेणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की बक्षिसांच्या स्पर्धा त्यांनी जरूर घ्याव्यात, परंतु निदान एखादा उपक्रम क्रमांकाविना ठेवावा, आणि निकालाच्या भाषणांतून तासभर वाचवून तो सहभागी लोकांना एकमेकांच्या चित्रांपुढे उभे राहून बोलण्यासाठी द्यावा. आपल्या वर्तमानपत्रात वाचकांची छायाचित्रे छापली जातात, त्यांच्याखालीही नावासोबत छायाचित्रकाराच्या त्या दोन ओळींना जागा मिळाली तर आम्हा वाचकांना कौतुकाखेरीज आणखी काही बोलता येईल.

या महिन्याची फाइल देण्याची पाळी माझी आहे. पन्हाळ्यावरच्या धुक्याचा फोटो आहे, क्षितिज तिरके आले आहे आणि ते मी मुद्दामच सरळ केलेले नाही.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर