एकाच घरातल्या दोन पेट्या

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई आणि मी एकाच खोलीत झोपलो. तिला साधी शिंक आली नाही आणि मी पाच दिवस फ्लूनं अंथरुणात. एकाच आईबापाची लेकरं ना आम्ही?" मी कुकर लावत होते, धड बोलले नाही. तेव्हापासून ते मनात घोळतंय.

आजोबांची गुजरीतली ठशांची पेटी आठवते? सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून ते साजाची पानडी उठवायचे, मग तिच्या पोटात लाख भरायची. मासोळीचा ठसा कल्ल्यापाशी झिजला होता, म्हणून त्यांच्या प्रत्येक साजातली मासोळी तिथं जरा सपाट.

अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला धरणारी आपल्या अंगातली प्रथिनं, अशाच ठशांतून घडतात. चौदाव्या गुणसूत्रावर व्ही जनुकांचे चाळीसेक तुकडे, डीचे वीसेक आणि जेचे ६. अँटीबॉडी बनवणारी प्रत्येक बी पेशी त्यांतला एकेक उचलून जोडते. जनुकांची ही जुळवाजुळव सुसुमु टोनेगावा यांनी दाखवली, त्यांना १९८७चं नोबेल मिळालं. वर्गात हे शिकवताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

आता तुझा प्रश्न. माझ्याकडे अशा दोन पेट्या, म्हणजे त्या गुणसूत्राच्या दोन प्रती, बाबांकडेही दोन. आम्ही प्रत्येकानं तुम्हाला एकेकच दिली, तीही थोडी सरमिसळ होऊन. ताईला आली तीच तुला आली असेल असं नाही. आणि पेट्यांतला फरक बारीक असला तरी जाणवतो. व्ही १-६९ नावाचं जनुक घे. फ्लूच्या विषाणूवरच्या काट्याचं डोकं सतत बदलतं, देठ फारसा बदलत नाही. या जनुकापासून झालेल्या बऱ्याच अँटीबॉडी त्या देठाला धरतात. पण अँटीबॉडीच्या साखळीत ५४व्या जागी फेनिलअ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल असेल तर ते देठाच्या खाचेत नीट बसतं. काहींच्या जनुकामुळे तिथं ल्युसिन येतं, मग ती पकड सहज जमत नाही. एका अमिनो आम्लाचा फरक! काहींकडे तर या जनुकाच्या जादा प्रतीही असतात.

तुझा ताप यामुळेच आला असं मी म्हणणार नाही. आधी कुठला फ्लू होऊन गेला, किती विषाणू अंगात गेला, लस घेतली होती का, हे सगळं मोजावं लागतं. शिवाय पेटीतला ठसा ही सुरुवात. संसर्ग झाला किंवा लस घेतली की लसीका गाठींत बी पेशी आपल्या अँटीबॉडी जनुकांत बदल करत जातात, आणि ज्यांची पकड घट्ट होते त्याच टिकतात. गळ्याशी तुझ्या गाठी सुजल्या होत्या ना, तिथं हेच चाललं होतं.

तू पोटात होतास तेव्हा माझ्या तयार अँटीबॉडी नाळेतून तुला मिळाल्या. त्या वर्षभरात संपल्या, आणि तुझं पहिलं सर्दीपडसं आलं तेव्हा मी रात्रभर तुला खांद्यावर घेऊन फिरले. जनुकं मात्र जन्मभराची दिली. कुठली दिली ते मला निवडता आलं नाही रे.

अंगात जरा ताकद आली की तिथल्या डॉक्टरांना यंदाच्या फ्लूच्या लसीचं विचार. मागच्या वर्षीची पुरत नाही, डोकं बदललेलं असतं. ताईलाही मी हेच सांगितलंय, ती ठणठणीत असली तरी.

पांढऱ्या रश्श्याचा मसाला डब्यात भरून ठेवलाय. शनिवारी बाबा येतील, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी,
आई