इस्रायलहून येणारी देणगी: भरण्याआधी वाचा

सर्व सभासदांना शालोम.

सिनेगॉगची दुरुस्ती आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी नातेवाइकांचे पैसे येऊ लागलेत, म्हणून ही सूचना. देणगी परदेशी की देशी, हे नोटेवरून नव्हे, देणाऱ्याच्या नागरिकत्वावरून ठरतं. अश्दोदला राहून इस्रायली नागरिक झालेल्या मावशीने मलिद्याच्या (आपल्या बेने इस्रायली नैवेद्य-विधीच्या) दिवशी दिलेले 500 रुपयेही परदेशी देणगी नियमन कायद्याने (एफसीआरए) परदेशी देणगीच, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असो वा नसो. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवरचा भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर नेहमीचं खातं चालतं.

परदेशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात घ्यायची. रोख पाकीट, खजिनदाराचा यूपीआय, काहीही नको. देशी-परदेशी पैसे एकदा मिसळले की आपली एफसीआरए नोंदणीच धोक्यात येते.

या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून देता येत नाही, तिची एफसीआरए नोंदणी असली तरीही. कातकरी वाड्यांवर जातीच्या दाखल्यांचं काम करणाऱ्या संस्थेला द्यायचं ते देशी निधीतूनच, आणि ते द्यायलाच हवं असं आम्हाला वाटतं. परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. परदेशी देणगीच्या वार्षिक हिशेबाच्या एफसी-4 विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर, तेव्हा बिलं अडकवून ठेवू नका.

पुरीम सणाची गरजूंना मदत देताना घेणाऱ्याचा फोटो काढू नये. सही पुरते. रामबामने (मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस) गुप्त दानाला वरची पायरी दिली आहे.