आजी आत नव्हती, दादा

दादा,

आमच्याकडे आग लागली त्या रात्री तुमचं नाव विचारायचं सुचलं नाही. नंतर पेढे घेऊन तुमच्या अग्निशमन केंद्रावर आले, तर "आम्ही सगळेच होतो" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे उघड पत्र.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, समई कलंडली आणि पडदा पेटला. पडद्यावरून आग सोफ्याला लागली. फोम पेटला की धूर किती काळा होतो आणि किती झटकन खोली भरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दार सताड उघडं टाकून आम्ही खाली पळालो. बंब गल्लीच्या तोंडाशीच अडला, कारण दोन्ही बाजूंना आमच्याच स्कूटर लावलेल्या. तुम्ही होज खांद्यावर घेऊन धावत आलात आणि आधी विचारलंत, "आत कोणी आहे का?"

मी ओरडले, "आजी आहे! आजी आत आहे!"

पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि तुम्ही रांगत आत शिरलात. आजी तेव्हा समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसली होती. शेजारच्या काकूंनी तिला आमच्याआधीच खाली आणलं होतं. मला ती दिसेपर्यंत काही मिनिटं गेली. ती मिनिटं मी अजून मोजते. वॉकीटॉकीवरून निरोप गेल्यावर तुम्ही बाहेर आलात, मनगट भाजलेलं, आणि एवढंच म्हणालात, "सापडल्या ना? मग झालं."

केंद्रावर तुम्ही काळबादेवीची गोष्ट सांगितलीत. 9 मे 2015, गोकुळ निवास. जुनी इमारत, आग विझवताना तिचा भाग कोसळला. महेंद्र देसाई आणि संजय राणे हे अग्निशमन अधिकारी तिथेच दगावले. भाजलेले सुधीर अमीन आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर पुढे रुग्णालयात वारले. सगळ्यात अनुभवी माणसं, तरी इमारतीनं दगा दिला. तुम्ही म्हणालात, "आमच्या सिलिंडरमध्ये हवा अर्ध्या-पाऊण तासाची. दमछाक झाली की त्याहून कमी. आत माणूस असेल तर आम्ही जाणारच. पण नसेल तर तसं सांगा हो."

तुम्ही मला बोल लावला नाहीत. पण मी न बघता बोललेल्या शब्दावर एक माणूस आगीत गेला होता, हे मला तिथे कळलं.

आता आमच्याकडे आग लागली तर सगळ्यांनी ओट्यापाशी जमायचं आणि आधी माणसं मोजायची, असं ठरलंय. म्हाताऱ्या माणसांना कोण खाली आणणार, हेही. निघताना दार ओढून घ्यायचं, कारण उघड्या दारातून आगीला हवा मिळते आणि धूर जिन्यात उतरतो. हे मी घरोघरी जाऊन सांगितलं. गच्चीचं कुलूप काढलं. स्कूटरवरून मात्र अजून भांडणं होतात, मी भांडते.

मनगट बरं झालं असेल अशी आशा आहे. आजीनं तुमच्या आईला नमस्कार सांगितलाय. तेवढा पोचवा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची